पाणी कुठे मुरते?
मोशी-चाकणच्या पत्र्याच्या खोल्या, ओल आणि बुरशी

‘इथे कुठेतरी पाणी मुरतंय’ असे आपण म्हणतो, तेव्हा पाण्याबद्दल बोलत नसतो. हिशेबात गडबड आहे, कोणीतरी काहीतरी दडवतो आहे, असे सुचवायचे असते. पण हा वाक्प्रचार ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला असेल, त्याने पावसाळ्यातली भिंत नीट पाहिलेली असणार. छताला पाणी शिरते एकीकडून, भिंतीत उतरते दुसरीकडे आणि डाग उमटतो तिसरीकडेच, तोही उशिरा. या लेखात हा वाक्प्रचार मी त्याच्या मूळ, ओल्या अर्थाने वापरणार आहे. विषय आहे पत्र्याच्या फिरत्या खोल्या, त्यांत शिरणारे पाणी आणि त्या पाण्यामागून येणारी बुरशी.

साहित्याच्या वाचकाला विषय आडवाटेचा वाटेल. पण ज्या इमारतींत आपण राहतो त्या बांधणारी माणसे चार-चार पावसाळे अशा खोल्यांत झोपतात. शिवाय जे नियम तिथल्या प्लायवूडला लागू होतात, तेच आपल्या घरातल्या फर्निचरला आणि पुस्तकांच्या कपाटालाही लागू होतात.

खोलीची रचना

मोशी हे इंद्रायणीकाठचे गाव. वर देहू, खाली आळंदी, मधून पुणे-नाशिक रस्ता. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. नदी ओलांडून उत्तरेला गेले की चाकणची औद्योगिक वसाहत. या सगळ्या पट्ट्यात एक वास्तुप्रकार जागोजागी दिसतो आणि वास्तुशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात त्याला जागा नाही: पोर्टा केबिन. बांधकामावरचे ऑफिस, फ्लॅट दाखवण्याचे दालन, गेटवरची चौकी, गोदामाचा हिशेबनीस आणि रांगेने मांडल्या की लेबर कॅम्प. काही खोल्या म्हणजे जुने जहाजी कंटेनर, खिडक्या कापून राहण्याजोगे केलेले. बाकीच्या इथल्याच फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तयार होतात, क्रेनने ट्रेलरवर चढतात आणि काम संपले की दुसऱ्या जागी जातात.

गेल्या काही पावसाळ्यांत अशा बऱ्याच खोल्या मी आतून-बाहेरून पाहिल्या, त्या बनवणाऱ्यांशी आणि दुरुस्त करणाऱ्या सुतारांशी बोललो. रचना साधारण एकच. खाली लोखंडी चॅनेलचा सांगाडा. बाहेरून नागमोडी पत्रा. आतून आठ-नऊ मिलिमीटरचा प्लाय किंवा प्रीलॅम बोर्ड. दोहोंच्या मधल्या दोन इंच पोकळीत ग्लासवूल किंवा थर्माकोल. जमिनीला जाड प्लाय नाहीतर सिमेंटचा बायसन बोर्ड, त्यावर व्हिनायल अंथरलेले. छताला स्क्रू, स्क्रूखाली रबरी वायसर, सांध्यांत सिलिकॉन. दुसरा, महागडा प्रकार पफ पॅनलचा. त्यात दोन रंगीत पत्र्यांमध्ये फोम भरलेला असतो, लाकूड जवळजवळ नसते.

पहिल्या प्रकाराचे वर्णन पुन्हा वाचावे. बाहेर पाणी न सोसणारा पत्रा, आत लाकडाचा चुरा आणि डिंक, मध्ये अंधारी पोकळी. पाश्चात्त्य देशांत मोटारीमागे ओढून नेतात ते प्रवासी ट्रेलरही बहुतांशी याच पद्धतीने बनतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा चाकांवरच्या घराची हौस आपल्याकडेही वाढणार. पण चाके असोत वा नसोत, दुखणे एकच आहे: अशा भिंतीत पाणी शिरायला वाटा पुष्कळ आणि बाहेर पडायला वाट नाही.

जुन्या वाड्याची भिंत याच्या नेमकी उलट. दगड, माती, पांढरी वीट आणि वर चुन्याचा गिलावा. ही भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहसा टिकत नाही. वाड्यात ओल नव्हती असे नाही. तळघरे कोंदट होतीच. पण तिथल्या ओलीला ये-जा करायला मोकळीक होती. पत्रा आणि प्लाय यांच्यात सापडलेल्या ओलीला ती नाही.

बुरशीला काय लागते

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. हा लेख वाचत असताना प्रत्येक श्वासाबरोबर काही आत जात आहेत. त्यांना घरातून हद्दपार करणे अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. बीजाणू रुजायला चार गोष्टी लागतात: हवा, माणसाला सोसेल असे तापमान, सेल्युलोज किंवा तत्सम अन्न, आणि पाणी. पहिल्या तीन गोष्टी कोणत्याही खोलीत कायमच्या हजर असतात. आपल्या हातात उरते फक्त चौथी.

इथे पाणी म्हणजे साचलेले पाणी असे नव्हे. पदार्थात असलेले, बुरशीला ओढून घेता येईल असे पाणी. शास्त्रज्ञ त्याला जलक्रिया म्हणतात आणि ० ते १ या पट्टीवर मोजतात. ज्या हवेत सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे, तिच्या सहवासात पुरेसा काळ राहिलेल्या लाकडाची जलक्रिया ०.८० होते. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या कुळांतल्या काटक जाती ०.७५ ते ०.८० वरही वाढतात. म्हणजे गळती नसतानाही, नुसत्या दमट हवेवर, चपलेवर आणि चामडी पट्ट्यावर जो हिरवट भुरा येतो तो यांचा. क्लॅडोस्पोरियमला त्याहून अधिक ओल लागते. आणि स्टॅकिबॉट्रिस ही काळी, चिकट बुरशी ०.९४ च्या आसपास, म्हणजे जवळपास ओलेचिंब सेल्युलोज असल्याशिवाय वाढत नाही. हा क्रम ओळखीचा झाला की बुरशी स्वतःच साक्ष देऊ लागते. हिरवा-करडा भुरा बहुधा दमट हवेचे लक्षण असते. कागद किंवा प्लायवर काळा, ओलसर, दाट थर दिसला, तर पाणी शिरलेले आहे आणि बराच काळ आहे असे समजावे.

वेळेचे गणितही ठरलेले आहे. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी बहुधा धरत नाही, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सर्वत्र मानला गेलेला दंडक आहे. त्यानंतरचा प्रत्येक दिवस बुरशीच्या पारड्यात पडतो. मोशीच्या वरच्या अंगाला, देहूच्या डोहात तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या अशी परंपरा सांगते. कागदाचे आणि पाण्याचे नाते ज्याला माहीत आहे त्याला त्या कथेतला ‘कोरड्या’ हा शब्द किती मोठा आहे ते कळते. नुसत्या वह्या सापडणे पुरेसे नव्हते. तेरा दिवसांत एरवी कागदाचा लगदा होतो आणि लगद्याची बुरशी.

पाणी शिरण्याचे तीन रस्ते

पहिला रस्ता वरून. मार्च ते मे छताचा पत्रा भर दुपारी हात लावता येणार नाही इतका तापतो आणि रात्री निवतो. रोजच्या या आकुंचन-प्रसरणाने स्क्रूची भोके सैल होतात, वायसर कडक होऊन तडकतात, सिलिकॉन सुटते. केबिन ट्रेलरवरून हलवली की सांगाडा पिळवटतो आणि उरलेले सांधेही उघडतात. त्यामुळे जागा बदललेल्या केबिनचा पहिला पावसाळा सगळ्यांत धोक्याचा. छतातून आलेला थेंब सरळ खाली पडत नाही. तो पत्र्याच्या आतल्या बाजूने वाहत चॅनेलपर्यंत जातो, तिथून पोकळीत उतरतो आणि तळाच्या पट्टीत साचतो. म्हणून डाग बहुधा छताला नसतो, जमिनीलगत असतो.

दुसरा रस्ता खालून. केबिन विटांच्या चार थरांवर ठेवलेली असते, कधी थेट मुरुमावर. लेबर कॅम्पला मिळते ती बहुधा प्रकल्पातली सगळ्यांत खोलगट, नाल्याजवळची जागा. जोराचा पाऊस झाला की पाणी जमिनीच्या प्लायला टेकते. वरून व्हिनायल पुसले की खोली कोरडी दिसते. पण व्हिनायल म्हणजे झाकण, आणि त्याखालचा प्लाय वरच्या बाजूने कधीच वाळत नाही.

तिसरा रस्ता हवेचा. हा सगळ्यांत कमी ओळखला जाणारा, म्हणून त्याचे गणित थोडे विस्ताराने मांडतो.

जुलैतली आपल्याकडची दुपार धरा: तापमान २८ अंश, सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. हीच हवा २४ अंशांपर्यंत थंड झाली की तिला तेवढे पाणी धरवत नाही आणि दव सुटू लागते. आता साइट ऑफिसमध्ये एअर कंडिशनर २० अंशांवर लावलेला आहे. आतला बोर्ड गार पडला आहे. बाहेरची दमट हवा पत्र्याच्या फटींतून पोकळीत शिरते आणि त्या बोर्डाच्या पाठीला टेकते. थंड सरबताच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसा बोर्डाला पाठीमागून घाम फुटतो. खोलीत बसलेल्या माणसाला सनमायकाचा स्वच्छ पृष्ठभाग दिसत असतो. मागे ग्लासवूल ओले झालेले असते. काच बुरशीचे अन्न नाही, पण ग्लासवूलमध्ये अडकलेली धूळ आणि त्यातला डिंक आहे. शिवाय ते पाणी बोर्डाला चिकटवून धरते. गळती नाही, पूर नाही, तरी बोर्ड मागून काळा.

लेबर कॅम्पमध्ये एअर कंडिशनर नसतो. तिथे हाच प्रकार आतून घडतो. झोपलेला माणूस श्वास आणि घाम यांवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. सहा जण आठ तास झोपले तर जवळपास दोन लिटर. वीस फूट लांब, आठ फूट रुंद खोलीत सुमारे ३८ घनमीटर हवा मावते, आणि २४ अंशांना ती सगळी हवा मिळून जेमतेम आठशे ग्रॅम पाणी धरू शकते. पावसाळ्यात ती आधीच ८० टक्के भरलेली. म्हणजे जागा उरली दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची आणि येणारे पाणी दोन लिटर. डासांमुळे आणि चोरीच्या भीतीने खिडक्या बंद. उरलेले पाणी पत्र्याला, बोर्डाला, गोधडीला आणि दोरीवर न वाळलेल्या कपड्यांना जाऊन बसते. त्यात खोलीतच शेगडी पेटत असेल तर एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. गॅसच्या टाकीत पाणी नसते हे खरे, पण त्यातला हायड्रोजन जळतो तो पाणी होऊनच.

पिंपरीची बुरशी

या पट्ट्याच्या उद्योगाचा इतिहास सांगताना मोटारी आणि स्कूटर आधी आठवतात. पण इथल्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक बुरशी वाढवण्यासाठी उभा राहिला. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये काचेच्या बशीत पेनिसिलियमचा चमत्कार पाहिला. त्यानंतर पाव शतकाने, १९५४ मध्ये, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य होते. १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. प्रचंड टाक्यांत, मोजून दिलेल्या हवेत आणि साखरेत, ठरावीक तापमानाला एकच एक जात वाढवायची आणि दुसरा कोणताही जंतू आत येऊ द्यायचा नाही, असे ते काम.

याच कारखान्यातल्या संशोधकांनी, म. ज. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६० च्या दशकाच्या प्रारंभी हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचे नाव सूक्ष्मजीवाला मिळाले, हा मान महाराष्ट्रात फार थोड्या गावांना लाभला असेल. शेतीसाठीचे ऑरिओफंजिन हेही इथलेच.

हा इतिहास इथे सांगितला, कारण त्याने बुरशीकडे पाहण्याची दृष्टी सरळ होते. बुरशी वाईट नाही आणि चांगलीही नाही. ती परिस्थितीला दिलेले उत्तर आहे. टाकीतली परिस्थिती माणसाने जाणून-बुजून घडवली, तेव्हा औषध मिळाले. त्याच पिंपरीपासून काही किलोमीटरांवर, पत्रा आणि प्लायच्या पोकळीत आपण न जाणता तशीच उबदार, ओली, अन्नयुक्त टाकी तयार करून ठेवली आहे. फरक इतकाच, की तिथे काय वाढावे यावर कोणाचा ताबा नाही.

कतरिनानंतरचे ट्रेलर

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपल्याला विसरता येत नाही. त्यानंतर महिन्याभरात, २९ ऑगस्टला, कतरिना वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले आणि न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. ऑक्टोबरमध्ये तिथल्या घरांची पाहणी झाली, तेव्हा ४६ टक्के घरांत बुरशी उघड दिसत होती आणि १७ टक्के घरांत ती दाट माजली होती. बेघर झालेल्यांना सरकारने एक लाखाहून अधिक प्रवासी ट्रेलर आणि फिरती घरे दिली.

आणि मग त्या ट्रेलरांतली माणसे डोळे चुरचुरणे, खोकला, डोकेदुखी यांच्या तक्रारी करू लागली. २००७-०८ च्या हिवाळ्यात तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने ५१९ ट्रेलर आणि फिरत्या घरांतली हवा तपासली. फॉर्माल्डिहाइड वायूचे प्रमाण एक अब्ज भागांत सरासरी ७७ भाग निघाले. नेहमीच्या घरांत ते १० ते २० च्या घरात असते. हा वायू येत होता प्लाय आणि पार्टिकल बोर्ड जोडणाऱ्या डिंकातून. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो अधिक सुटतो.

आपल्यासाठी यातला बोध असा. ओल आलेल्या पत्र्याच्या खोलीत दुखणे दुहेरी असते. एक बुरशीचे, दुसरे डिंकाच्या वायूचे. दोहोंची लक्षणे मिळतीजुळती आणि दोहोंना चेतवणारी गोष्ट एकच, ओल. ‘वास येतो’ म्हणून उदबत्ती लावणे किंवा फवारा मारणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे.

छातीचा प्रश्न

आरोग्याबाबत दोन टोकांच्या अफवा असतात. एक, भिंतीवरची काळी बुरशी जीवघेणे विष आहे. दुसरी, पावसाळ्यात हे चालायचेच. दोन्ही खऱ्या नाहीत.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतून रक्तस्राव झाला, आणि त्याचा दोष घरांतल्या स्टॅकिबॉट्रिस बुरशीवर आला. ‘विषारी काळी बुरशी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून गाजला. २००० साली रोगनियंत्रण केंद्रानेच फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध झालेला नाही असे जाहीर केले. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सगळा पुरावा तपासून जी मार्गदर्शिका काढली, तिने ओलसर आणि बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा धोका अधिक असल्याचे नि:संदिग्धपणे मांडले. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा दगावला. सार्वजनिक गृहसंस्थेच्या सदनिकेतल्या दीर्घकाळच्या बुरशीमुळे त्याचा श्वसनविकार ओढवला, असा चौकशीचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. ओल दूर करण्याची मुदत घरमालकावर बांधून देणारा तिथला कायदा आज त्या मुलाच्या नावाने ओळखला जातो.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ २०२१ पासून आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ हे नाव पडले आणि अनेकांनी भिंतीवरचे डाग पाहून धसका घेतला. त्या रोगात काळे पडते ते रक्तपुरवठा तुटलेले ऊतक. ती बुरशी स्वतः काळी नसते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही त्याची मुख्य पार्श्वभूमी होती. भिंतीवरचे काळे डाग बहुधा वेगळ्याच जातींचे असतात.

ज्या गोष्टीकडे लक्ष जायला हवे ती वेगळी आहे. क्षयरोग बरा झाला तरी फुप्फुसात कधीकधी पोकळी उरते. त्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस बुरशी घर करू शकते. मग खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त, सगळे पुन्हा क्षयासारखेच. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, तरी क्षयाचेच औषध पुन्हा सुरू होते. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात हा धोका कागदी नाही. क्षय होऊन गेलेला, खोकला न थांबणारा आणि ओलसर खोलीत झोपणारा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना अ‍ॅस्परजिलसची रक्ततपासणी करता येईल का, एवढा प्रश्न जरूर विचारावा. दमेकरी, तान्ही मुले आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली माणसे यांना तर बुरशीच्या खोलीत ठेवूच नये. साफसफाईलाही लावू नये.

वाळवण्याचे शास्त्र

परदेशी पुस्तिकांत पहिला सल्ला असतो, खिडक्या उघडा. जुलैच्या मोशीत तो अपुरा पडतो, कारण बाहेरची हवाच ओली. इथे थोडे वेगळे वागावे लागते. २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढेच, पण हवेची तहान वाढलेली. कपाटात जुना पिवळा दिवा लावून ठेवणाऱ्या आज्या हेच करत होत्या. चुलीच्या वरच्या माळ्यावर बियाणे आणि मिठाचे मडके ठेवण्यामागेही हेच होते. म्हणून क्रम असा: आधी गळती बंद, मग ओला थर उघडा करणे, मग विजेची ऊब आणि पंखा एकत्र, आणि ओली झालेली हवा बाहेर काढणारी एक वाट. शक्य असल्यास हवेतले पाणी ओढणारे यंत्र, पण ते लावताना मात्र खिडक्या बंद. कोळशाची शेगडी बंद केबिनमध्ये कधीही पेटवू नये. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस मारतो.

लाकडाची ओल मोजायचे दोन टोचणींचे साधे यंत्र मिळते. प्लायची ओल २० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशीला मोकळे रान. १५ च्या आसपास उतरल्याशिवाय नवा बोर्ड किंवा रंग चढवू नये. हाताला कोरडे लागणे ही कसोटी नव्हे.

काय ठेवावे, काय टाकावे? पत्रा, चॅनेल, काच, फरशी साबणाच्या पाण्याने घासून वाळवली की पुरते. भिजलेले ग्लासवूल, फुगलेला पार्टिकल बोर्ड, गाद्या आणि उशा वाचवण्याच्या फंदात पडू नये. चांगला प्लाय वरवर डागाळला असेल तर घासून, वाळवून चालतो. पापुद्रे सुटले असतील तर नाही. ब्लीचिंग पावडरचे पाणी डाग पांढरा करते, पण लाकडाच्या आत मुळे तशीच राहतात आणि वर पाणी आणखी मुरते. मेलेले बीजाणूही दम्याला चेतवतात, म्हणून मारण्यापेक्षा काढणे महत्त्वाचे. ब्लीच आणि अ‍ॅसिड किंवा अमोनियाचे द्रावण कधीही एकत्र करू नये. विषारी वायू निघतो. काम करताना एन-९५ मास्क, हातमोजे, आणि कोरडा झाडू नाही, ओले फडके. सुमारे दहा चौरस फुटांपर्यंतचे काम घरच्या घरी होते, त्याहून मोठे असेल तर जाणकाराला बोलवावे.

पुस्तकांचे शास्त्र याच कुळातले. नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला. लाखो ग्रंथ चिखलात गेले, तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांतही पुस्तके वाळवावी लागली, आणि त्या धडपडीतून ग्रंथसंवर्धनाची आधुनिक विद्या वाढली. पुढे एक सोपी युक्ती रूढ झाली: जे लगेच वाळवता येत नाही ते गोठवून ठेवा. गोठलेल्या पुस्तकात बुरशी मरत नाही, पण थांबते, आणि आपल्याला वेळ मिळतो. घरात मोजकी मोलाची पुस्तके भिजली तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि एकेक काढून, पानांत टिपकागद घालून, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावीत. गुळगुळीत आर्ट पेपरची पाने आधी. ती एकदा चिकटली की सुटत नाहीत. दिवाळी अंकांतली रंगीत जाहिरातींची पाने ही याची पहिली बळी.

जुनी केबिन घेताना

या पट्ट्यात केबिन तीन-चार हातांतून जाते, आणि प्रत्येक विक्रीआधी तिला नवा रंग मिळतो. घेणाऱ्याने रंगाकडे पाहू नये. केबिन रात्रभर बंद ठेवायला सांगावी आणि सकाळी दार उघडताच पहिला श्वास घ्यावा. कुबट वास दोन मिनिटांत नाकाला सवयीचा होतो, म्हणून पहिलाच श्वास खरा. वीज बंद करून स्विचबोर्डाची पट्टी खोलावी. भिंतीच्या पोटात डोकावायची ती एकमेव फुकट खिडकी. जमिनीपासून वीतभर उंचीवर बोर्ड ठोकत जावे. कोरडा बोर्ड खणखणतो, ओला बद्द वाजतो. खिडकीच्या खालचे कोपरे, एअर कंडिशनरखालची भिंत, कोपऱ्यातले व्हिनायल उचलून त्याखालचा प्लाय, आणि गंजलेल्या स्क्रूच्या रांगा पाहाव्यात. शक्यतो पावसाळ्यात पाहावी. मे महिन्यात सगळ्याच केबिन कोरड्या असतात.

नवी बनवून घेताना चार गोष्टी मागाव्यात: वरून दुसरे उतरते छप्पर, जमिनीपासून दीड-दोन फूट उंची, तळाच्या चॅनेलला पाणी उतरायला भोके, आणि समोरासमोर जाळीच्या झरोक्यांची जोडी. खर्च किरकोळ वाढतो. तरी लेबर कॅम्पमध्ये या चार गोष्टी एकत्र मला क्वचितच दिसल्या.

ओल कोणाच्या वाट्याला

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याच्या ३४ व्या कलमाने मालकाने कामगारांना कामाच्या जागी किंवा जवळ तात्पुरता निवारा विनामूल्य द्यावा असे सांगितले, आणि त्या निवाऱ्याला स्वयंपाकाची, आंघोळीची, धुण्याची जागा स्वतंत्र असावी हेही सांगितले. स्वयंपाक वेगळा का, याचे उत्तर वरच्या गणितात आहे. शेगडी आणि ओले कपडे खोलीबाहेर गेले, तर तिथल्या हवेवरचा मोठा बोजा तिथेच उतरतो. कलम सोयीसाठी लिहिलेले असेल, पण ते छातीचेही कलम आहे. लेबर कॅम्पची तपासणी करताना पंखे आणि खाटा मोजल्या जातात. त्याबरोबर एका स्विचबोर्डाची पट्टी खोलून पाहिली आणि ओल मोजायचे यंत्र एकदा बोर्डाला टोचले, तर तपासणीला पाच मिनिटे अधिक लागतील.

आपल्याकडे घट बसण्याआधी सगळे घर बाहेर काढायची रीत आहे. गोधड्या नदीवर जातात, डबे उन्हात येतात, भिंती झाडल्या जातात. पोथ्यांना ऊन दाखवण्याचे दिवसही हेच. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी ज्या शत्रूंपासून जपायची विनंती करत, त्यांत तेलाबरोबर पाण्याचे नाव असे. पाऊस ओसरलेला असतो, ऊन कडक झालेले असते आणि चार महिन्यांची ओल बाहेर पडू शकते असा वर्षातला हा पहिला आठवडा. ज्यांच्या घराला अंगण आहे त्यांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. लेबर कॅम्पमधल्या माणसाला त्या आठवड्यात सुट्टी नसते, गोधडी वाळत घालायला दोरीपुरतीही जागा नसते, आणि बोर्डामागची ओल काढायचा अधिकार त्याला नसतो, कारण खोली त्याची नाही.

हा अंक हाती येईल तेव्हा अनेक घरांना नवा रंग लागलेला असेल. एखाद्या भिंतीवरचा डाग दिवाळीपुरता झाकला गेला असेल, तर सणानंतर तिथे हात लावून पाहावा. आणि शेजारी नवी इमारत उठत असेल, तर तिच्या कुंपणाआडच्या पत्र्याच्या रांगेकडेही एकदा पाहावे. त्या खोल्यांना झरोके आहेत का, त्या जमिनीपासून उचललेल्या आहेत का, चूल बाहेर आहे का, हे रस्त्यावरूनही दिसते. नसेल तर सोसायटीच्या सभेत, बिल्डरच्या ऑफिसात, नगरसेवकाकडे तो प्रश्न विचारता येतो. पाणी कुठे मुरते आहे हे शोधायला बहुतेक वेळा यंत्र लागत नाही. ते कोणाच्या खोलीत मुरते आहे एवढे विचारावे लागते.